डांबर किती वेगाने विरघळतं: काटा वापरायचा की रंग?

सिंहस्थाच्या रस्त्यांमुळे नाशिकच्या साइट लॅबमध्ये हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो: एक्स्ट्रॅक्शनच्या (खडी-डांबराच्या मिश्रणातून डांबर विरघळवून वेगळं काढायच्या) भांड्यात मिक्स द्रावकात किती वेळ भिजू द्यायचं? डांबराच्या विद्राव्यतेची आयएस १२१६ (भारतीय मानक) ची चाचणी इथे कामाची नाही. डांबर किती विरघळतं ते ती सांगते (रस्त्याच्या डांबराच्या व्हीजी-३० या प्रतीसाठी किमान ९९ टक्के), किती वेगाने ते नाही.

वेग मोजायच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत काचपट्टीवर डांबराचा पातळ थर द्यायचा, वजन करायचं, द्रावकात बुडवायचं, ठरलेल्या वेळी काढून सुकवून पुन्हा वजन करायचं. काटा सगळ्यांकडे असतो, म्हणून मोह होतो. पण उरलेल्या थरात द्रावक मुरून बसतं. टोल्युईन हे द्रावक ११० अंशांना उकळतं, ते मऊ डांबरातून सहज सुटत नाही. वजन जास्त भरतं आणि वेग खरा असतो त्याहून कमी दिसतो. शिवाय प्रत्येक वेळेसाठी नवी पट्टी लागते.

दुसरीत तशीच पट्टी द्रावकात बुडवून, द्रावण ढवळत ठेवून दर दोन मिनिटांनी एक मिली काढायचं, पातळ करायचं आणि कलरीमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर) रंग वाचायचा. माझं मत हिच्याच बाजूने. मात्र त्याच डांबराची माहीत तीव्रतेची द्रावणं आधी वाचून घ्या, कारण प्रत्येक डांबराचा रंग सारखा गडद नसतो. वाचन (शोषणांक) एकच्या वर गेलं तर आणखी पातळ करा. आणि क्युव्हेट (यंत्रात ठेवायची नमुन्याची छोटी कुपी) काचेचंच घ्या. मी पहिल्यांदा टोल्युईन प्लॅस्टिकच्या क्युव्हेटमध्ये ओतलं, तर ते बघता बघता दुधाळ होऊन चिकटलं. सकाळ गेली.

द्रावक कोणतं? डांबराचा गोळा टोल्युईनमध्ये बुडतो, ट्रायक्लोरोइथिलीनमध्ये तरंगतो (घनता १.४६), म्हणून सुटा गोळा टाकून दोघांची तुलना करू नका, काचपट्टीच वापरा. ट्रायक्लोरोइथिलीन सहज पेटत नाही, पण ते कर्करोगकारक आहे. टोल्युईन ४ अंशांनाच पेट घेऊ शकणारी वाफ देतं. फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) दोघांनाही हवंच. हेप्टेनच्या वाटेला जाऊ नका: अस्फाल्टीन (डांबरातले त्यात न विरघळणारे जड घटक) मागे राहतात आणि आलेख मध्येच आडवा होतो. रॉकेल औजारं पुसायला ठेवा.

तापमान स्थिर ठेवणारा पाण्याचा थर्मोस्टॅट बाथ मात्र दोन्ही पद्धतींत लागतोच. जानेवारीतल्या पहाटेचं वाचन आणि एप्रिलच्या दुपारचं वाचन शेजारी ठेवलंत, तर तुम्ही डांबर नव्हे, नाशिकची हवा मोजलेली असते.