सोलापूरहून समुद्रावर: गणपतीपुळे की मालवण-तारकर्ली?

सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली आणि मुलांच्या परीक्षा अजून लांब असल्या, की सोलापुरात घरोघरी कोकणाचा विषय निघतो. कोकण म्हणजे बहुतेक वेळा दोनच नावं: गणपतीपुळे नाहीतर मालवण-तारकर्ली. आम्ही सहकुटुंब दोन्हीकडे राहून आलोय. हल्ली ओळखीतलं कुणी विचारलं की माझं उत्तर एकाच बाजूला झुकतं. का, ते सांगतो. तुमची गणितं वेगळी असू शकतात.

अंतरावरून ठरवायला जाऊ नका. दोन्हीकडे पोहोचण्यात दिवस जातोच. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूरपर्यंत वाट एकच, आणि मिरजेपर्यंत तर आता चौपदरी. पुढे पुळ्याला मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा. मालवणला राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली. दाजीपूरच्या जंगलातला रस्ता मला जास्त देखणा वाटला. बाकी गाडीत उलटी होणारं पोर असेल तर दोन्ही घाट सारखेच. आवळासुपारी हाताशी ठेवा.

समुद्राचं म्हणाल तर तारकर्ली सरस, यात वाद नाही. पाणी नितळ, वाळू स्वच्छ, आणि देवबागला तर एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे नारळीची चिंचोळी पट्टी. पुळ्याचा समुद्र दिसायला तितकाच सुंदर, पण लबाड आहे. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. तिथे माणसं बुडालेली आहेत, म्हणूनच धोक्याच्या पाट्या आणि जीवरक्षकांच्या शिट्ट्या. आपण सोलापूरकर पोहायला शिकलो विहिरीत, दमलं की कडा धरायची सवय. इथे कडा नाही. मनसोक्त डुंबायचं एवढ्यासाठीच निघाला असाल तर पुळ्याला जाऊच नका. गुडघाभर पाण्यात समाधान मानणाऱ्यांनी पुढे वाचावं.

जेवणातही मालवणचं पारडं जड. कोंबडी-वडे, तळलेली सुरमई, बांगड्याची कढी, वर सोलकढी. काळ्या तिखटाच्या रश्शावर वाढलेल्या जिभेला नारळाचं वाटण पहिल्या दिवशी जरा गोडसर लागतं, दुसऱ्या दिवशी सवय होते. घरात शाकाहारी मंडळी असतील तर मात्र पुळ्याला त्यांची सोय चांगली होते. मोदक, आंबोळी, घरगुती खाणावळीतला वरण-भात.

आता मला ज्याचा वैताग आला ते.

मालवणात शिरताना गाडीचा वेग जरा कमी झाला, की एक बाइक खिडकीला लागून चालायला लागते. मागे बसलेल्याच्या हातात लॅमिनेट केलेला फोटोंचा तक्ता. ‘काका, स्कूबा झालं का?’ नको म्हटलं तरी पुढच्या वळणापर्यंत सोबत. गाडीवर सोलापूरची एमएच १३ पाटी बघितली की पाहुणा लांबचा आहे हे त्यांना कळतंच. मग खोलीच्या मालकाचा एक भाव, किनाऱ्यावरच्या पोराचा दुसरा, जेट्टीवरच्या माणसाचा तिसरा, आणि तिघांचंही ‘फोटो-व्हिडिओ फ्री’. बायको म्हणाली, ‘चादरीच्या दुकानातसुद्धा आपण एवढी घासाघीस करत नाही.’

बरं, घासाघीस संपली तरी दिवस आपला होत नाही, कारण तिथे जे बघायचं ते होडीत बसून. देवबागजवळच्या त्सुनामी आयलंड या वाळूच्या बेटाला होडी, स्कूबाला होडी, किल्ल्याला होडी. होडी भरेपर्यंत थांबा, मग लाइफ जॅकेटची वाट बघा. सिंधुदुर्ग किल्ला तर सगळं विसरून बघावा असा. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर पायाभरणी केली. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर, चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा. आम्हाला होडीवाल्याने हे सगळं बघायला तासाभराची मुदत दिली. आईला हलत्या होडीतून उतरवण्यात आणि पुन्हा चढवण्यात त्यातला बराच वेळ गेला, तटावर जाणं राहूनच गेलं. त्या लोकांना दोष देत नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात, वर्षाची कमाई उरलेल्या महिन्यांतच करायची. पण मी रजा टाकून गेलो होतो, ती वाट बघण्यात आणि भाव ठरवण्यात गेली.

पुळ्याला असं होत नाही. उंटवाले, घोडागाडीवाले तिथेही आहेत, पण मान हलवली की पुढे जातात. देऊळ पश्चिमेला तोंड करून, समोरच वाळू. डोंगरालाच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला. साधारण किलोमीटरभराची फरसबंद वाट आहे, आई मधेमधे बसत आरामात चालली. कुठलं तिकीट नाही, कुणाचा हाकारा नाही. पलीकडे मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक. घर कौलारू, अंगण सारवलेलं, अर्ध्या तासात बघून होतं. जयगडला शास्त्री नदीच्या मुखावरचा किल्ला, आणि वाटेत कऱ्हाटेश्वर चुकवू नका. खाली लाटा आपटतात आणि कड्याशी गोमुखातून गोडं पाणी पडत असतं. मुलांनी ते ओंजळीने पिऊन खारट नाही ना याची खात्री करून घेतली.

रत्नागिरीला जायचं तर आरे-वारेच्या रस्त्यानेच जा. चढावर गाडी बाजूला घेतली की खाली दोन्ही किनारे दिसतात. शहरात टिळकांचं जन्मस्थान आहे आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा हा पदच्युत राजा १९१० मध्ये बांधलेल्या त्या वाड्यात राहिला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. आमच्या पोरांना किल्ल्यांपेक्षा याच गोष्टीत जास्त रस वाटला.

तेव्हा आई-वडील किंवा लहान मुलं सोबत असतील आणि हातात शनिवार-रविवारला जोडून एखादीच रजा असेल, तर माझ्या मते पुळे. फक्त अंगारकी टाळा, त्या दिवशी वाळूसुद्धा दिसत नाही. मुक्काम देवळाशेजारी न करता मालगुंडला केलात तर आणखी बरं. कॉलेजातली पोरं मिळून निघाली असतील, मासे आणि स्कूबा हाच कार्यक्रम असेल, तर त्यांना पुळ्यात कंटाळा येईल, त्यांनी मालवणच गाठावं. पण स्कूबाचा भाव सोलापुरातूनच फोनवर ठरवून निघा, आणि किल्ल्याची सकाळची पहिली होडी पकडा. दोन्ही एकाच फेरीत बसवायचं असेल तर पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड असा किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता आहे. सुरेख आहे, पण वळणावळणाचा, एक अख्खा दिवस त्याच्यासाठीच ठेवावा लागेल.