पुलाला सैनिकाचे नाव: काळ्या ग्रॅनाइटचा कोरीव फलक घ्यावा का?

नामकरणाचा ठराव मंजूर झाला की पुढची खरेदी जवळपास ठरलेली असते: काळ्या ग्रॅनाइटची कोरीव पाटी. दगड चौरस फुटावर, कोरकाम बहुतेक ठिकाणी अक्षरामागे, आणि चित्र असेल तर त्याचा दर वेगळा. मत आधीच सांगून टाकतो. वस्तू चांगली आहे, चाळीस-पन्नास वर्षे सहज टिकावी अशी आहे. पण पुलाचा नामफलक म्हणून ती एकटी पुरत नाही, आणि जिथे ती खराब झालेली दिसते तिथे दोष बहुधा दगडाचा नसून मजकुराचा किंवा बसवणाऱ्याचा असतो.

दगडापासून सुरुवात करू. दुकानात सर्रास दाखवतात ती ओट्याची लादी, १६ ते १८ मिमी जाडीची. घराच्या पाटीला ती ठीक, पुलाला ३० मिमीच मागावी. ४ × ३ फुटांची ३० मिमी पाटी सुमारे ९० ते १०० किलो भरते, त्यामुळे ती उचलायला चार माणसे आणि खाली भक्कम आधार लागतो, हे आधीच धरून चाला. काही दगड मुळात करडे असतात आणि रंग लावून काळे केलेले असतात. पांढऱ्या कापडावर थिनर घेऊन मागची, पॉलिश नसलेली बाजू आणि कडा घासून पाहा. कापड काळे झाले तर तो दगड घेऊ नका, दोन उन्हाळ्यांत तो फिकट पडेल.

कोरकामात सँडब्लास्टच, म्हणजे वाळूच्या जोरदार माऱ्याने केलेले कोरकाम, घ्यावे. नावाच्या अक्षरांना ३ मिमी खोली, खालच्या मजकुराला निदान दीड मिमी. लेझरने फक्त पॉलिश उडते. चित्र कोरल्या दिवशी सुरेख दिसते, पण त्यात खोली नसल्याने पाणी आणि धूळ बसली की चेहरा ओळखू येईनासा होतो. सैनिकाचे चित्र हवेच असेल तर ते सावलीत, छत्रीखाली असलेल्या चौथऱ्यावर ठेवा. कोरलेल्या अक्षरांत भरायला पांढरा पीयू (पॉलियुरेथेन) रंग सर्वांत टिकाऊ आणि वाचायलाही सोपा. सोनेरी रंगाचा मोह सगळ्यांना होतो, पण बहुतेक ठिकाणी ती ब्राँझची पूड असते आणि पावसाळ्यानंतर काळपट हिरवी पडते.

सर्वाधिक पाट्या बिघडतात त्या मात्र दगडावर घाव पडण्याआधीच, संगणकावर. मजकूर व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये येतो, कारखान्यातल्या जुन्या कोरल ड्रॉ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला जातो आणि तिथे वेलांटी एक घर सरकते, ‘युद्ध’मधला द्ध सुटा होतो, ‘कॅप्टन’वरचा चंद्र गायब होऊन ‘कप्टन’ उरतो. म्हणून मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून, पीडीएफमध्ये द्यावा आणि दगडावर चिकटवायची रबरी स्टेन्सिल कापण्यापूर्वी प्रत्यक्ष मापाची छपाई कागदावर मागवावी. अक्षर १५ मिमीपेक्षा लहान ठेवू नका. सँडब्लास्टच्या वेळी ‘व’च्या पोटातला रबराचा इवलासा तुकडा उडतो, ‘ब’ची तिरकी रेघही जाते, आणि दोन्ही अक्षरे सारखीच गोळाभर दिसतात. दगडावर खोडरबर चालत नाही. चूक दुरुस्त करायची तर पूर्ण पृष्ठभाग घासून पुन्हा पॉलिश करावा लागतो, म्हणजे खर्च जवळपास नव्या पाटीएवढाच.

आता मजकूर, कारण मानाचा प्रश्न खरा इथे येतो. युद्धातून परतलेल्या, घरी वारलेल्या सैनिकाच्या नावामागे ‘शहीद’ लिहू नये. वीरचक्र आणि शौर्यचक्र ही वेगवेगळी पदके आहेत. पहिले शत्रूसमोरच्या शौर्यासाठी, दुसरे अन्य प्रसंगांतल्या शौर्यासाठी. हुद्दा कोणता लिहायचा हाही घोळ होतो. रामा राघोबा राणे यांना १९४८मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढून रस्ता मोकळा केल्याबद्दल परमवीर चक्र मिळाले. त्या पराक्रमाच्या वेळी ते सेकंड लेफ्टनंट होते, निवृत्त झाले मेजर म्हणून. अशा वेळी ठळक नावात निवृत्तीचा हुद्दा आणि खालच्या पराक्रमाच्या ओळीत तेव्हाचा हुद्दा, हीच योग्य मांडणी. एकच पदक दोनदा मिळाले असेल तर तेही यावे. लडाखमध्ये श्योक नदीवर ऑक्टोबर २०१९मध्ये खुल्या झालेल्या पुलाला ज्यांचे नाव आहे त्या कर्नल चेवांग रिंचेन यांना महावीर चक्र १९४८ आणि १९७१ अशा दोन युद्धांसाठी मिळाले. नुसते ‘महावीर चक्र विजेते’ लिहिले तर अर्धा पराक्रम वगळला जातो. पदकाची फीत रंगवणार असाल तर महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीरचक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. अशोकस्तंभाचे राजचिन्ह परवानगीशिवाय कोरू नये, त्यासाठी २००५चा कायदा आहे. सेवा क्रमांक, पलटण आणि तारखा कुटुंबाकडच्या डिस्चार्ज बुकवरून (सैन्यातून निवृत्त होताना मिळालेल्या पुस्तिकेवरून) घ्या आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तपासून घ्या. आठवणीवर काही सोडू नका.

आणि एक विनंती, कळकळीची. उद्घाटकांची यादी या दगडावर नको. कितीतरी पुलांवर नाव सैनिकाचे असते आणि पाटीचा दोन-तृतीयांश भाग पाहुण्यांनी व्यापलेला असतो. उद्घाटनाची कोनशिला वेगळी, लहान करा आणि शक्यतो पुलाच्या दुसऱ्या टोकाला लावा.

बसवताना पहिला नियम: पुलाच्या कठड्याला भोके पाडू नका. ती परवानगी पूल ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याच्या अभियंत्याकडूनच घ्यावी लागते, आणि मिळाली तरी सतत हादरे बसणारी ती जागा दगडाला मानवत नाही. पोचरस्त्याच्या कडेला स्वतंत्र आरसीसी चौथरा उत्तम. भोक कडेपासून किमान ५० मिमी आत, बोल्टपेक्षा २ मिमी मोठे, मध्ये रबरी वॉशर. बोल्ट स्टेनलेसचा ३०४, समुद्राकाठी ३१६. नट पूर्ण आवळला की उन्हात तापलेला दगड फुगायला जागा शोधतो आणि कोपऱ्याच्या भोकातून तडा जातो. नुसत्या इपॉक्सीवर चिकटवलेली पाटी काही वर्षांत सुटते. मागे पोकळी ठेवून पाणी खाली जाऊ द्या, नाहीतर सिमेंटचा लोणा कडांवर पांढरा फुटतो. पाटीचे तोंड शक्य असेल तर उत्तरेला करा. पॉलिश केलेल्या काळ्या दगडात समोरचे ऊन आरशासारखे दिसते आणि दुपारी काही वाचता येत नाही.

एवढे करूनही ही पाटी फक्त पायी चालणाऱ्याला वाचता येते. इंचभर अक्षर साधारण १२ मीटरवरून वाचता येते आणि ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला १४ मीटर जाते. तेव्हा दोन्ही टोकांना रिफ्लेक्टिव्ह फलक हवाच: २ मिमी अॅल्युमिनियम, त्यावर दिव्याचा उजेड परत फेकणारी प्रिझमॅटिक शीट, फक्त हुद्दा, नाव आणि ‘सेतू’. टाइप ११ या दर्जाची शीट घेतली तर १० वर्षांची वॉरंटी लेखी मागता येते. अॅल्युमिनियम भंगारासाठी चोरीला जाते, म्हणून नट वेल्ड करून घ्या. पितळी अक्षरांचेही तेच होते. त्या बाबतीत ग्रॅनाइट निर्धास्त, त्याला भंगारात भाव नाही.

देखभाल फार नाही. वर्षातून एकदा साधा साबण आणि नायलॉनचा ब्रश. टाइल्सचे अॅसिड अजिबात नको, ते भराईचा रंग आणि बोल्ट दोन्ही खाते. पैसे चुकते करताना कारखान्याकडून कर्व्हची फाइल मागून घ्या आणि ठरावाच्या दप्तरात ठेवा. ट्रक धडकून पाटी फुटली तर त्याच मापाची, त्याच वळणाच्या अक्षरांची दुसरी लगेच करून घेता येते.