जुना लॅपटॉप: विंडोज ११ की लिनक्स मिंट?
लिनक्स (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम) म्हणजे दिवसभर काळ्या स्क्रीनवर कमांड टाईप करणं, असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं असतं आणि तिथेच सगळे अडकतात. तसं अजिबात नाहीये, मिंट ही लिनक्सचीच एक सोपी आवृत्ती, त्यात मेनू, सॉफ्टवेअर, अपडेट सगळं माऊसनेच होतं, वर पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. खर्चाचं म्हणाल तर मिंट फुकट, पण विंडोज १० चं लायसन्स असेल तर ११ चं अपग्रेडही फुकटच. खरा फरक हार्डवेअरचा, ११ ला टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षेची चिप) आणि ४ जीबी रॅम लागते, मिंट २ जीबीवरही चालतं (४ असेल तर बरं). लिनक्सला व्हायरस येतच नाही हाही गैरसमजच, अपडेट टाकावेच लागतात. फोटोशॉप किंवा डेस्कटॉपवरचं एमएस ऑफिस रोज लागत असेल तर विंडोजच ठेवा. ब्राउझर, लिब्रेऑफिस (एमएस ऑफिससारखंच फुकट सॉफ्टवेअर), व्हिडिओ एवढंच असेल तर बिनधास्त मिंट टाका.