‘कॅप’ म्हणजे काय? अर्बन डिक्शनरीची एका शब्दावर घेतलेली परीक्षा

स्लँगचा, म्हणजे अनौपचारिक बोलीतल्या शब्दांचा, कोश तपासायचा तर अवघड शब्द घेण्यात अर्थ नाही, छोटा आणि रोजचा घ्यावा. ‘कॅप’ घ्या. टोपी, झाकण, कमाल मर्यादा हे अर्थ कुठल्याही कोशात सापडतात. पण ‘दॅट्स कॅप’ म्हणजे ‘फेकतोय’, ‘नो कॅप’ म्हणजे ‘आईशप्पथ, खरं’, ‘बस्ट अ कॅप’ म्हणजे गोळी घालणं, गेममध्ये ‘कॅप’ म्हणजे ठाणं काबीज करणं आणि ‘कॅप पाठव’ म्हटलं तर बहुधा स्क्रीनशॉट हवा असतो. खरी कसोटी इथे लागते.

अर्बन डिक्शनरी ही इंग्रजी स्लँगच्या कोशाची वेबसाइट 1999 मध्ये आरन पेकम यांनी कॅलिफोर्नियात विद्यार्थीदशेत सुरू केली. फुकट आहे, जाहिराती मात्र भरपूर. व्याख्या वापरणारेच लिहितात, बाकीचे अंगठा वर किंवा खाली करतात. त्यामुळे नवा शब्द इथे लगेच सापडतो, आणि ही तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू. उणी बाजूही तिथूनच येते: जास्त मतं पडलेली व्याख्या वर चढते, आणि मतं अचूकपणाइतकीच विनोदालाही पडतात.

म्हणून नुसतं ‘कॅप’ टाइप करू नका, सगळी खिचडी समोर येईल. ज्या रूपात शब्द भेटला तेच पूर्ण रूप टाका: ‘नो कॅप’, ‘कॅपिंग’, ‘बस्ट अ कॅप’. मग व्याख्या सोडून आधी खालचं उदाहरण वाचा. व्याख्या लिहिताना लोक शहाणपणा दाखवतात, उदाहरणात मात्र नेहमीसारखं बोलतात. तारीखही बघा. 2005 ची नोंद आजच्या ‘नो कॅप’साठी कामाची नाही. आणि एकाच नोंदीवर थांबू नका. वेगवेगळ्या टोपणनावांच्या तीन नोंदी एकच अर्थ सांगत असतील तर तो बराचसा पक्का धरा.

व्याकरणाची एक खूण ही साइट फारशी सांगत नाही. खोटं या अर्थाचा ‘कॅप’ सहसा ‘अ’ न लावता येतो: ‘दॅट्स कॅप’. गोळीच्या अर्थाला ‘अ’ लागतो: ‘बस्ट अ कॅप’. हा दुसरा ‘कॅप’ बंदुकीच्या टिकलीवरून आला, घोडा आपटला की दारू पेटवणारी ती छोटी डबी. दोन अर्थांची गल्लत झाली तर थापेच्या जागी खून होतो. सबटायटल करणाऱ्यांनी हे भिंतीवर चिकटवून ठेवावं.

मराठी वाचकाला आणखी एक चकवा बसतो. आपल्याकडे ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणं, त्यामुळे ‘कॅप’ म्हणजे तेच, असं वाटतं. जवळचं आहे, पण तेच नाही. टोपी घातली की समोरच्याचं काहीतरी जातं, बहुधा पैसे. ‘कॅप’ ही नुसती बढाई किंवा थाप, तिथे कोणाचा खिसा हलका व्हायलाच हवा असं नाही. ‘यू कॅपिंग’ला ‘फेकू नकोस’ चपखल बसतं. ‘नो कॅप’चं ‘टोपी नाही’ असं भाषांतर केलं तर देवच वाचवो.

मूळ शोधायला मात्र अर्बन डिक्शनरीवर जाऊ नये. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीत एकमेकांवर टोमण्यांनी कुरघोडी करण्यालाही ‘कॅपिंग’ म्हणत आले आहेत, पण मतांच्या गर्दीत असा जुना धागा हाती लागत नाही. त्यासाठी जोनाथन ग्रीन यांचा स्लँग कोश आहे: 2010 मध्ये तीन खंडांत छापला गेला, 2016 पासून ऑनलाइन. तिथे अर्थापाठोपाठ तारखेसकट छापील दाखले येतात. पुराव्यावर उभा असल्यामुळे कालपरवाच्या शब्दाला तो उशिरा पोचतो, एवढंच.

अर्बन डिक्शनरीत शिवीगाळ आणि गलिच्छ नोंदींचं प्रमाण मोठं आहे. आयबीएमच्या वॉटसन या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या संगणकाला हा कोश शिकवला तर तो उत्तरांत शिव्या देऊ लागला, शेवटी सगळं पुसावं लागलं. तेव्हा वर्गात पडद्यावर थेट उघडू नका. आधी स्वतः शोधा आणि हवं ते उदाहरण तेवढं उतरवून घ्या.