अ‍ॅक्वाचा ‘अ‍ॅक्वेरियम’: मेटॅलिकाच्या डबीतली कॅसेट

अ‍ॅक्वा या डॅनिश पॉप बँडच्या १९९७ सालच्या अल्बमचं परीक्षण आता कोण वाचणार म्हणा, पण माळा आवरताना कॅसेट सापडली आणि बाबांचा टू-इन-वन अजून चालतो, तेव्हा लिहितोच.

ही घेतली होती काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून. (ते दुकान २०१६ला बंद झालं.) इंग्रजी कॅसेट हिंदीच्या दुपटीहून महाग, त्यामुळे पैसे घालवायचेच तर भारदस्त बँडवर, असा आमच्या डोंबिवलीच्या कंपूचा दंडक. मी ‘बार्बी गर्ल’वाली घेतली आणि घरी मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या रिकाम्या डबीत ठेवली. दादाला पत्ता लागलाच. त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रावाल्याने माझं नाव घेऊन या गाण्याची फर्माईश आल्याचं माइकवरून जाहीर केलं.

तर कॅसेट. लावली तेव्हा आवाज उशीखालून आल्यासारखा. टेप शाबूत होती, आतलं स्पंजचं पॅड गळून पडलं होतं. स्क्रूवाली असल्याने उघडता आली. एका भजनांच्या कॅसेटमधलं पॅड काढून बसवलं, हेड स्पिरिटने पुसलं. झकास.

गाणी अकरा. पहिलं ‘हॅपी बॉइज अँड गर्ल्स’ म्हणजे सकाळी सकाळी कुणीतरी अंगावर साखर ओततंय. ‘लॉलीपॉप’ तर आता अजिबात सोसत नाही. मुख्य अडचण रेने डिफ. लेने न्यूस्ट्रॉम ही नॉर्वेची बाई काटेकोर सुरात गात असते आणि हा गडी मध्येच घोगऱ्या आवाजात घुसतो, जणू वरातीतल्या उत्साही काकांच्या हाती माइक लागलाय.

‘बार्बी गर्ल’ मात्र तेव्हा वाटलं त्याहून बरंच खवचट आहे. बाहुलीच्या तोंडून बाहुलीपणाचीच टर उडवलीय. बार्बी बनवणाऱ्या मॅटेलला ते झोंबलं आणि त्यांनी रेकॉर्ड कंपनीला कोर्टात खेचलं. २००२ला अमेरिकेच्या अपील कोर्टाने गाणं विडंबन ठरवलं आणि निकालाच्या शेवटी दोन्ही पक्षांना ‘जरा थंड घ्या’ असा सल्ला दिला. पुढे २००९ला त्याच मॅटेलने शब्द बदलून हे गाणं जाहिरातीत वापरलं! दादाला हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय. उत्तर नाही.

खरा माल ‘डॉक्टर जोन्स’ आणि ‘टर्न बॅक टाइम’. पहिल्यात कोरस इतका चोख बांधलाय की भांडी घासताना पाय आपोआप हलतात. दुसरं संथ, बरंचसं उदास, आणि रेनेसाहेब जवळपास गप्प. ‘स्लायडिंग डोअर्स’ सिनेमात ते होतं. ब्रिटनमध्ये या अल्बमची तीन गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, त्यातलं हे एक. तरी कॅसेटच्या बी साइडपर्यंत आमच्या कंपूत कुणी पोचलंच नव्हतं, सगळ्यांची थट्टा ‘बार्बी गर्ल’पाशीच संपायची.

पाचपैकी साडेतीन. अर्धा लेनेच्या आवाजासाठी वाढवलाय. ऐकणार असाल तर पहिली दोन गाणी फॉरवर्ड करा, ‘बी अ मॅन’ला चहा टाकून घ्या. आणि हेडफोन लावू नका, स्पीकरवरच ऐका. मी खिडकी उघडी ठेवूनच ऐकतो.