मार्कर लावू की शेतातच निवडू?

कमी स्फुरदाच्या जमिनीसाठी भात सुधारायचाय, मार्कर (हवं ते जीन रोपात आहे का हे दाखवणारी डीएनएवरची खूण) वापरू की शेतात बघून निवडू, असं विचारलंयस म्हणून सांगते. वेळेत मार्कर सरळ पुढे, पप-१ (कमी स्फुरदात भाताला तग धरायला मदत करणारा डीएनएचा भाग) साठी कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा पुरतो, शेतात मात्र अख्खा हंगाम थांबा, आणि वाफ्यात स्फुरद जागोजागी कमीजास्त असल्यानं फसगत होते ती वेगळीच. खर्च लॅबचा, डीएनए काढणं, पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढणं) वगैरे. पप-१ कासलथ या जुन्या वाणातलं, त्यातलं पीस्टॉल-१ जीन २०१२ला जाहीर झालं, ते सुरुवातीलाच मुळं वाढवतं, केवढी मोलाची गोष्ट आहे ही!

नत्राचं तसं नाही, तिथे थोडाथोडा परिणाम करणारे बरेच जीन्स मिळून काम करतात, एकदोन मार्करनं भागत नाही.

स्फुरद हवंय आणि लॅब आहे तर मार्करच घे, शेवटची चाचणी शेतात कर. नत्र असेल किंवा लॅबच नसेल तर शेतातली निवड बरी.