दोन नेमणुकांमधली घरभेट: एका महिन्याची की चार महिन्यांची?

युगांडाची राजधानी कंपाला येथील नेमणूक मार्चअखेर संपत आहे, कंबोडियातील पुढच्या कामावर मेच्या आरंभी किंवा ऑगस्टमध्ये रुजू होण्याची मुभा आहे आणि सोबत तीन वर्षांचे मूल आहे. संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमातून किंवा तशाच एखाद्या संस्थेमार्फत काम करणाऱ्या मराठी जोडप्यांपुढे थोड्याफार फरकाने हाच प्रश्न येतो. मधला काळ पुण्यात, नाशकात किंवा गावच्या घरी काढायचा हे ठरलेले असते. तो महिनाभराचा असावा की चार महिन्यांचा, हे ठरलेले नसते. अशा वेळी पैशांचा हिशेब सर्वांत आधी मांडला जातो. माझ्या मते मूल बरोबर असेल तर लसींचे वेळापत्रक आणि मुलाचा दिनक्रम या दोन गोष्टी आधी पाहाव्यात आणि पैसा त्यानंतर.

महिन्याची भेट लसीकरणाच्या बाबतीत कागदावर पुरेशी दिसते, प्रत्यक्षात मात्र ती फार घट्ट बसते. कंबोडियासारख्या देशात जायचे असेल तर जपानी मेंदूज्वराची लस विचारात घ्यावी लागते, आणि मृत विषाणूपासून बनवलेल्या या लसीचे दोन डोस २८ दिवसांच्या अंतराने दिले जातात. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्या यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लसी एकाच दिवशी दिल्या नाहीत, तर त्यांच्यातही चार आठवड्यांचे अंतर राखावे लागते. आल्यावर दुसऱ्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे गेले तरी दुसरा डोस परतीच्या विमानाच्या तोंडावर येतो, आणि त्या दिवशी मुलाला ताप असला तर तो राहूनच जातो. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस त्या मानाने सोयीची आहे, कारण पहिल्या दिवशी आणि सातव्या दिवशी असे दोन डोस आता पुरेसे मानले जातात. चार महिन्यांच्या मुक्कामात हे सारे आपोआप बसते, शिवाय एखाद्या डोसनंतर मूल किरकिरले तर त्याला दोन दिवस घरी शांत राहू देता येते.

येतानाची एक अट मात्र दोन्ही पर्यायांना सारखीच लागू आहे. युगांडा, केनिया किंवा इथिओपियातून भारतात येणाऱ्या, अगदी तान्ही बाळे सोडून, प्रत्येकाकडे पीतज्वराच्या (यलो फिव्हर) लसीचे प्रमाणपत्र लागते आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध ठरते. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते, त्यामुळे प्रमाणपत्राचे ते पिवळे पुस्तक मोठ्या बॅगेत न टाकता पासपोर्टबरोबरच ठेवावे.

तापाविषयीही लिहिले पाहिजे, कारण आजी-आजोबांच्या घरी मुलाला आलेला ताप ‘हवाबदल’ म्हणून सोडून दिला जातो. फाल्सिपेरम हा मलेरियाचा सर्वांत गंभीर प्रकार बहुतेक वेळा परतल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत दिसतो. छोट्या भेटीत या धोक्याचा काही भाग पुढच्या देशात जातो, आणि तिथल्या नव्या डॉक्टरांना मूल युगांडातून आले आहे हे आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. लांबच्या मुक्कामात हा काळ ओळखीच्या डॉक्टरांच्या नजरेखाली जातो. मुक्काम कितीही असो, ताप आल्याबरोबर पूर्व आफ्रिकेतील वास्तव्य सांगून मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.

विम्यातही असाच फरक पडतो. भारतात नव्याने घेतलेल्या आरोग्य विम्याला साधारणपणे पहिल्या ३० दिवसांची प्रतीक्षा असते आणि त्या काळात अपघात सोडून अन्य आजारांचा खर्च मिळत नाही. म्हणजे महिन्याच्या भेटीसाठी अशी पॉलिसी घेणे जवळजवळ निरर्थक आहे. लांबच्या मुक्कामाला ती उपयोगी पडते, पण मधल्या काळात मानधन थांबलेले असते आणि बचतीतून घर चालवायचे असते. जुन्या नेमणुकीचे विमा संरक्षण नेमके कोणत्या तारखेला संपते, हे संस्थेकडून लेखी घ्यावे.

राहण्याच्या जागेबाबत फार लिहिण्यासारखे नाही. महाराष्ट्रात घर भाड्याने घ्यायचे तर नोंदणीकृत करारनामा, अनामत रक्कम आणि बहुतेक मालकांचा अकरा महिन्यांचा आग्रह हे सारे आलेच. महिन्यासाठी तो विचारच नको आणि चार महिन्यांसाठीही तो जेमतेम परवडतो. व्यवहारात दोन्ही पर्याय आई-वडिलांच्या किंवा सासू-सासऱ्यांच्या घरीच पार पडतात. म्हणूनच चार महिन्यांचा बेत त्यांना न विचारता आखू नये: सत्तरीतल्या माणसांना नातवंड हवेसे असते, पण पहाटे पाचला उठणारे नातवंड सलग सोळा आठवडे झेपेलच असे नाही, आणि ते स्वतःहून तसे म्हणणार नाहीत.

आता मुलाच्या दिवसाकडे वळू, कारण माझा कल इथेच ठरतो. महिन्याच्या भेटीत पहिला आठवडा मूल नव्या माणसांना निरखण्यात घालवते, शेवटचा आठवडा बॅगा भरण्यात जातो, आणि उरलेल्या दोन आठवड्यांत कोल्हापूरची आत्या, नागपूरचे काका, कुलदैवताचे दर्शन आणि राहून गेलेले जावळ असे सगळे उरकायचे असते. प्रत्येक घरी कौतुक होते आणि कुठेच ओळख होत नाही. दीड-दोन वर्षांच्या बाळाला याचा फारसा त्रास होत नाही, कारण आई-वडील सोबत असले की त्याचे जग बरेचसे पूर्ण असते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाचे तसे नसते. त्याला तेच अंगण, तोच शेजारचा मित्र आणि झोपताना तीच आजी लागते, तेव्हा कुठे ते आई-बाबांशिवाय इतरांशी मराठीत आपणहून बोलू लागते. चार महिन्यांत जवळची अंगणवाडी किंवा बालवाडी काही तास लावता येते. महिनाभरासाठी मुलाला तिथे घालू नये, कारण रुळण्याच्या आतच निघायची वेळ येते.

ऋतूचा हिशेबही यात धरावा. साधारण एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत चुलत-मावस भावंडांना सुट्टी असते, आणि तेवढी चांगली बालवाडी दुसरी नाही. त्यामुळे छोटीच भेट द्यायची असेल तर ती एप्रिल-मे महिन्यांत द्यावी. अपवाद विदर्भाचा, जिथे मे महिन्यात मुलाला दुपारभर घरात कोंडून ठेवावे लागते. लांबचा मुक्काम ऑगस्टपर्यंत गेला तर पावसाळ्याचे दोन महिने डेंग्यूची काळजी वाढते आणि भावंडे शाळेत जाऊ लागल्याने घर एकदम रिकामे होते.

कागदपत्रांच्या बाबतीत लांबचा मुक्काम उघडच वरचढ ठरतो. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, म्हणजे तान्हेपणी काढलेल्या पासपोर्टची तिसऱ्या वर्षी दोनच वर्षे उरतात, आणि अनेक देश सहा महिन्यांची शिल्लक मुदत मागत असल्याने दोन वर्षांच्या नेमणुकीला तो अपुरा पडतो. नूतनीकरणासाठी दोन्ही पालकांची संमती लागते. एक पालक आधीच पुढच्या देशात गेला असेल तर तेवढ्यासाठी धावपळ होते. त्यातच पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र आणि व्हिसा यांची भर पडते. मुलाचा जन्म परदेशात झाला असेल तर भारतीय वकिलातीतील नोंद जन्मानंतर वर्षभरात झालेली असावी लागते. ती राहिली असेल तर केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते आणि त्यासाठी महिना धरून चालू नये. उलट बाजूने, मुक्काम लांबवताना एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षातील भारतातले एकूण दिवस मोजावेत, कारण १८२ दिवसांचा टप्पा गाठला की प्राप्तिकराच्या दृष्टीने तुम्ही निवासी ठरता.

मूल दोन वर्षांच्या आत असेल, पासपोर्टची मुदत भरपूर असेल आणि पुढच्या देशासाठी २८ दिवसांच्या अंतराची लस लागत नसेल, तर महिन्याची भेट घ्यावी. दोन वर्षांखालील मुलाला विमानात वेगळे आसन लागत नाही, हा फायदाही त्यात आहे. मूल तीन वर्षांचे किंवा मोठे असेल तर मी चार महिन्यांकडे झुकेन, पण पहिले दहा आठवडे एकाच घरात काढण्याच्या आणि नातेवाइकांनी तिथे येऊन भेटण्याच्या अटीवर. पुढचे ठिकाण कुटुंबाला परवानगी नसलेले असेल आणि एका पालकाने मुलाबरोबर मागे राहायचे ठरले असेल, तर महिन्याचा पर्याय बादच समजावा. अशा वेळी जाणाऱ्या पालकाने मूल बालवाडीत रुळेपर्यंत थांबावे, आणि संस्थेकडे रुजू होण्याची तारीख त्याच बेताने मागून घ्यावी.